थरार परमुलखातला, माहिती कोणाची?

इस्तंबूल, टँजिअर, बैरूत, सायगाव, हवाना, शांघाय आणि अलीकडच्या काळात मुंबई. आंतरराष्ट्रीय थरारकथा ज्या शहरांकडे पुन्हा पुन्हा वळते त्यांत ही नावे हमखास असतात, आणि ही सगळी अनेक भाषांची, अनेक धर्मांची, बंदराच्या व्यापारावर वाढलेली शहरे आहेत. अशा कथांच्या लोकप्रियतेचे कारण परीक्षणांतून आणि पुस्तकांच्या मलपृष्ठांवरून नेहमी एकच सांगितले जाते: वाचकाला घरबसल्या परदेश पाहायला मिळतो, बाजारांचे रंग, मसाल्यांचे वास आणि अनोळखी गल्ल्या यांची त्याला ओढ असते. हे कारण खोटे नाही, पण फार तोकडे आहे. नुसते देशदर्शन हवे असेल तर प्रवासवर्णने आहेत, आणि आता तर फुकट पाहता येणाऱ्या चित्रफितींना तोटा नाही. त्यासाठी चारशे पानांची कादंबरी रात्री दोनपर्यंत जागून कोणी वाचत नाही.

थरारकथेचा डोलारा मुख्यतः तीन प्रश्नांवर उभा असतो: विश्वास कोणावर ठेवायचा, पुरावा कशाला म्हणायचे आणि अटक करण्याचा अधिकार कोणाचा. एकाच भाषेच्या, एकाच कायद्याच्या, परस्परांना ओळखणाऱ्या समाजात या प्रश्नांची उत्तरे बरीचशी ठरलेली असतात आणि लेखकाला ती मुद्दाम गढूळ करावी लागतात. मिश्र वस्तीच्या प्रदेशात ती मुळातच वादग्रस्त असतात. १९२३च्या करारानंतर १९५६पर्यंत, दुसऱ्या महायुद्धातला स्पॅनिश ताब्याचा काळ सोडल्यास, मोरोक्कोतले टँजिअर हे आंतरराष्ट्रीय क्षेत्र होते. तिथे अनेक राष्ट्रांचे न्यायाधीश असलेले मिश्र न्यायालय होते आणि ब्रिटिश, फ्रेंच व स्पॅनिश टपालकचेऱ्या शेजारीशेजारी चालत. शांघायमध्ये आंतरराष्ट्रीय वसाहत, फ्रेंच वसाहत आणि चिनी शहर अशा तीन हद्दी होत्या, प्रत्येकीचे पोलीस वेगळे होते (आंतरराष्ट्रीय वसाहतीच्या पोलिसांत शीख शिपायांचा मोठा भरणा होता, हे आपल्या वाचकाला सहसा सांगितले जात नाही), त्यामुळे एक रस्ता ओलांडला की गुन्हेगाराचा कायदा बदलत असे. अशा ठिकाणी कथानकाची गाठ लेखकाला बांधावी लागत नाही, ती शहराच्या रचनेतच असते. या प्रदेशांचे खरे आकर्षण मला इथे दिसते.

एरिक अँबलर या ब्रिटिश लेखकाची ‘द मास्क ऑफ दिमित्रिओस’ ही १९३९ची कादंबरी या दृष्टीने अजूनही आदर्श वाटते. तिचा नायक स्वतः रहस्यकथा लिहिणारा एक इंग्रज आहे. इस्तंबूलमध्ये एक तुर्की पोलीस अधिकारी त्याला एका गुन्हेगाराची हकीकत सांगतो आणि तो लेखक कुतूहलापोटी त्या माणसाच्या भूतकाळाच्या मागे लागतो. माग सुरू होतो तो १९२२च्या इझमिरमध्ये, म्हणजे तेव्हाच्या स्मिर्नात. त्या सप्टेंबरात तुर्की फौजा शहरात शिरल्या, ग्रीक आणि आर्मेनियन वस्त्या जळाल्या, लाखो माणसे धक्क्यावर जहाजांची वाट पाहत उभी राहिली, आणि पुढच्या वर्षी लोझानच्या करारान्वये सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि सुमारे चार लाख मुसलमान यांची सक्तीने अदलाबदल झाली. एका सावकाराचा खून करणारा माणूस याच गर्दीत निर्वासित म्हणून मिसळून जातो. इथे इतिहास पडद्यामागचे चित्र म्हणून टांगलेला नाही. निर्वासितांची ती लाट नसती तर खुनी सुटलाच नसता, आणि शहरात ग्रीक, तुर्क, ज्यू, आर्मेनियन असे वेगवेगळे समाज नसते तर कोणाच्या गळ्यात फास अडकवणे सोपे जाईल हा हिशेबही त्याला करता आला नसता. शिवाय नायक सबंध कादंबरीभर अडाणी राहतो. माहिती असते ती पोलीस अधिकाऱ्याकडे, दप्तरातल्या कागदांकडे, भाषा जाणणाऱ्या दुभाष्याकडे. नायक फक्त ती विचारत फिरतो.

यावरून मी एक कसोटी धरून चालतो. परक्या मुलखात घडणारी थरारकथा वाचताना असे पाहावे, की तिथल्या रहिवाशाला नायकापेक्षा अधिक कळते का, आणि त्याच्या कळण्यामुळे कथा पुढे सरकते का. जिथे सरकते तिथे त्या प्रदेशाची विविधता ही कथेचे इंजिन असते. जिथे नायक विमानातून उतरतो, दोन दिवसांत सगळे ओळखतो आणि स्थानिक माणसे टॅक्सी चालवायला, चहा आणून द्यायला किंवा तिसऱ्या प्रकरणात मरायलाच उरतात, तिथे विविधता ही केवळ धोक्याची खूण होऊन बसते: इथे नाना तऱ्हेचे लोक आहेत, म्हणून इथे काहीही होऊ शकते.

हा दुसरा प्रकार जुना आहे आणि त्याचा जन्म साम्राज्यांच्या काळातला आहे. ब्रिटिश लेखक जॉन बखनची ‘ग्रीनमँटल’ ही १९१६ची कादंबरी भर पहिल्या महायुद्धात आली. जर्मनी एका धर्मपुरुषाला पुढे करून मुस्लिम जगाला ब्रिटिशांविरुद्ध उठवू पाहत आहे आणि मूठभर ब्रिटिश हेर ते हाणून पाडतात, असे तिचे कथानक आहे. पाया अगदीच काल्पनिक नव्हता. नोव्हेंबर १९१४मध्ये ऑटोमन सुलतानाच्या वतीने खरोखरच जिहादची घोषणा झाली होती आणि तिला बर्लिनचा पाठिंबा होता. पण कादंबरीत पूर्वेकडचा माणूस म्हणजे ठिणगी पडली की पेटणारा जमाव; त्याला स्वतःचे राजकारण, स्वतःचा बेत असू शकतो, हे तिच्या गावीही नाही. नेमक्या त्याच काळात वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकलेले आणि परदेशातल्या भारतीयांच्या ब्रिटिशविरोधी गदर चळवळीत उतरलेले, तुर्कस्तानमार्गे इराणात पोहोचले होते आणि तिथल्या टोळ्यांच्या साथीने ब्रिटिश फौजांशी लढत होते. जर्मनांना ते हवे होते आणि त्यांनाही जर्मन हवे होते; दोघे एकमेकांचा उपयोग करून घेत होते आणि दोघांनाही ते माहीत होते. युद्धानंतर खानखोजे मेक्सिकोत गेले, चापिंगोच्या कृषिविद्यालयात त्यांनी शिकवले, मक्यावर संशोधन केले, आणि तिथला चित्रकार दिएगो रिव्हेरा याने आपल्या भित्तिचित्रात त्यांना स्थान दिले. बखनच्या नायकापेक्षा हे आयुष्य कितीतरी अधिक गुंतागुंतीचे आहे, आणि त्याचे कारण उघड आहे: ज्याला वेष, भाषा आणि ओळख बदलून जगावे लागते, तो प्रत्येक ठिकाणच्या माणसाचे मन वाचायला शिकतो, नाहीतर पकडला जातो.

पण या कसोटीचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या दाराशी आहे. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा जर्मनीची एरेनफेल्स, द्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही व्यापारी जहाजे मुरगावच्या बंदरात आश्रयाला आली. पुढे आन्फोरा हे इटालियन जहाजही तिथे अडकले. गोवा पोर्तुगिजांचा होता आणि पोर्तुगाल तटस्थ होता, म्हणून ती तिथे सुरक्षित होती. एरेनफेल्सवरच्या बिनतारी यंत्रावरून अरबी समुद्रातल्या जर्मन पाणबुड्यांना दोस्त राष्ट्रांच्या जहाजांच्या बातम्या जातात, असे ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे म्हणणे होते. तटस्थ देशाच्या बंदरात घुसून हल्ला करणे हा उघड आंतरराष्ट्रीय गुन्हा ठरला असता, आणि पोर्तुगालशी तर इंग्लंडची मैत्री चौदाव्या शतकापासूनची. त्यामुळे कामगिरी नेहमीच्या सैनिकांना न देता कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पथकातल्या, चहा, ताग आणि व्यापारी कंपन्यांत नोकऱ्या करणाऱ्या, पोट सुटलेल्या मध्यमवयीन इंग्रजांना देण्यात आली. ‘फीबी’ नावाची गाळ वाहणारी एक संथ बोट कलकत्त्याहून भारताच्या किनाऱ्याला वळसा घालून कोचीनला आली, यांतली बहुतेक मंडळी रेल्वेने तिथे पोहोचून तीत चढली, आणि ९ मार्च १९४३च्या रात्री त्यांनी एरेनफेल्सवर चढाई केली. जर्मन खलाशांनी आपली जहाजे स्वतःच पेटवून बुडवली. सारे प्रकरण पस्तीस वर्षे झाकलेले राहिले. १९७८मध्ये जेम्स लीझर यांच्या पुस्तकाने ते बाहेर आणले आणि १९८०मध्ये त्यावर ‘द सी वुल्व्हज’ हा चित्रपट निघाला, ज्याचे चित्रण बरेचसे गोव्यातच झाले.

थरारासाठी लागणारे सगळे इथे आहे, आणि तरीही या कहाणीत गोवेकर जवळजवळ नाहीत. गोवा दिसतो: समुद्र, पोर्तुगीज बंगले, मेजवान्या, वेश्यागृह. गोव्याची माणसे मात्र चौकटीच्या कडेने ये-जा करतात. आता जरा विचार करा, की जर्मन जहाजे मुरगावात जवळजवळ साडेतीन वर्षे उभी होती. या काळात त्यांना भाजी, मासळी, पाव आणि पाणी कोणी पुरवले असेल? धक्क्यावरच्या हमालांना, होडीवाल्यांना, जकातीच्या कारकुनांना, वास्कोच्या दुकानदारांना त्या खलाशांतला कोण उधारी ठेवतो, कोण रात्री किनाऱ्यावर येतो आणि कोण कधीच येत नाही, याची खडानखडा माहिती असणार. कलकत्त्याहून आलेल्या कोणत्याही हेरापेक्षा त्यांना अधिक कळत होते, कारण ते त्यांचे रोजचे जगणे होते.

दुसरी बाजू याहून गंभीर आहे. ब्रिटिश प्रवासी जहाजांवरचे खानसामे, वाढपी आणि स्वयंपाकी यांत गोवेकरांची संख्या फार मोठी होती. मुंबईत धोबीतलावापासून माझगावपर्यंत गावागावांचे ‘कूड’ होते, जिथे हे दर्यावर्दी दोन सफरींच्या मध्ये राहत, आपल्या पेट्या ठेवत आणि आजारी पडले तर एकमेकांची सोय पाहत. पाणबुडीने ब्रिटिश जहाज बुडवले की त्याबरोबर बुडणाऱ्यांत गोव्यातल्या साष्टी-बार्देशातला कोणी असण्याची शक्यता दाट असे. म्हणजे मुरगावच्या धक्क्यावर जर्मन खलाशाला मासळी विकणाऱ्या माणसाचा भाऊ त्याच वेळी अरबी समुद्रात, त्याच पाणबुड्यांच्या टप्प्यात असू शकत होता. त्या विक्रेत्याने त्या बिनतारी यंत्राविषयी काही ऐकले असते तर त्याने काय केले असते? कोणाला सांगितले असते? पोर्तुगीज पोलिसांना, ज्यांच्या सत्तेखाली पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या निर्बंधांमुळे सभाही घेता येत नव्हती? मुंबईतल्या ब्रिटिशांना, ज्यांच्याविरुद्ध सहा-सात महिन्यांपूर्वीच ‘चले जाव’ची हाक उठली होती? गोवामुक्तीची हाक देणारी राममनोहर लोहियांची मडगावची सभा अजून तीन वर्षे दूर होती, पण तिच्यामागची अस्वस्थता एका दिवसात जन्मलेली नव्हती. हा पेच कलकत्त्याच्या साहेबांच्या धाडसापेक्षा नाट्यदृष्ट्या अधिक सकस आहे, कारण त्यांना एकच निष्ठा होती आणि या माणसाला तीन. मी हे गोव्यावर अन्याय झाला म्हणून सांगत नाही. एका थरारकथेने आपल्या हातातला उत्तम थरार ओळखलाच नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

मग परक्या लेखकाने लिहूच नये का? तसे मला मुळीच वाटत नाही, आणि त्याचे उदाहरणही मुंबईचेच आहे. एच. आर. एफ. कीटिंग या लंडनमध्ये राहणाऱ्या लेखकाच्या पहिल्या काही कादंबऱ्या अमेरिकन प्रकाशकांनी ‘फारच ब्रिटिश’ म्हणून नाकारल्या, तेव्हा त्याने दुसरा मुलूख शोधला आणि मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेतला इन्स्पेक्टर गणेश घोटे जन्माला आला. १९६४च्या ‘द परफेक्ट मर्डर’ या पहिल्याच घोटेकादंबरीला ब्रिटनच्या रहस्यकथालेखक संघटनेचे सुवर्ण पारितोषिक मिळाले. कीटिंगने तोपर्यंत भारत पाहिलेला नव्हता, आणि पुढची सुमारे दहा वर्षे तो न पाहताच घोटेच्या कादंबऱ्या लिहीत राहिला. मराठी वाचकाला त्यातल्या चुका हसवतात. पहिल्याच पुस्तकातल्या धनाढ्य गृहस्थाचे नाव लाला वर्दे आहे, म्हणजे उत्तरेकडचे संबोधन आणि आपल्याकडचे आडनाव यांचे लग्न. पण चुका मोजून झाल्या की काहीतरी शिल्लक राहते. घोटेवर एकाच वेळी दोन प्रकरणे असतात: या गृहस्थाच्या पारशी सचिवावरचा जीवघेणा हल्ला आणि मंत्रिमहोदयांच्या टेबलावरून नाहीशी झालेली एक रुपयाची नोट. दुसऱ्या प्रकरणाला पहिल्याइतकेच, किंबहुना अधिक महत्त्व द्यावे लागते, कारण तक्रार मंत्र्यांची आहे. भारतीय सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही हा तपशील पटेल.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे कीटिंगने त्याच कादंबरीत एक स्वीडिश तज्ज्ञ आणला आहे, जो युनेस्कोच्या वतीने इथली तपासपद्धती पाहायला आलेला असतो आणि सारखा घोटेच्या मागे फिरतो. त्याला काहीही कळत नाही. तो प्रश्न विचारतो, घोटे कसनुसा होत उत्तरे देतो, आणि वाचकाच्या लक्षात येते की परका माणूस जे पाहून थक्क होतो ते घोटेला रोजचे आहे, आणि घोटेला ज्याची खरी चिंता आहे ते या पाहुण्याला दिसतच नाही. ज्या लेखकाने हे शहर पाहिलेले नाही त्याने आपले अज्ञान एका पात्राच्या हवाली केले आणि ज्ञान इन्स्पेक्टरच्या. माझ्या कसोटीवर ही कादंबरी उतरते. शहर डोळ्यांनी पाहून गेलेल्या, हॉटेलच्या सज्जातून समुद्र आणि झोपड्या यांची वर्णने करणाऱ्या कितीतरी लेखकांच्या कादंबऱ्या उतरत नाहीत. (घोटे सारखा संकोचलेला आणि वरिष्ठांना भिणारा दाखवला आहे, हे मात्र मला खटकते. साठच्या दशकातला मुंबईचा इन्स्पेक्टर इतका गरीब गाय नसावा.)

अमेरिकेतल्या टोनी हिलरमननेही बाहेरून येऊन हेच साधले. नावाहो आदिवासींच्या प्रदेशात घडणाऱ्या त्याच्या कादंबऱ्यांत कोणत्या गुन्ह्याचा तपास नावाहो पोलिसांनी करायचा आणि कोणत्या गुन्ह्यात संघराज्याच्या यंत्रणेने शिरायचे, हा हद्दीचा प्रश्न सतत कथेत असतो, आणि मृताविषयीचे नावाहोंचे निषेध, म्हणजे प्रेताला स्पर्श टाळणे, मृत्यू झालेले घर सोडून देणे, हे तपासाचे दुवे बनतात. नावाहोंनी १९८७मध्ये त्याचा मित्र म्हणून गौरव केला.

सुजाता मॅसी यांची २०१८ची ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ ही कादंबरी मला यापुढची पायरी वाटते. काळ १९२१चा, शहर मुंबई. परवीन मिस्त्री ही पारशी तरुणी वडिलांच्या वकिली पेढीत काम करते. एका मुस्लिम गिरणीमालकाच्या तीन विधवा मलबार हिलवरच्या बंगल्यात पडद्यात राहतात आणि आपला मेहेर (लग्नात पतीकडून ठरलेली रक्कम) व वाटा धर्मादाय निधीला देऊन टाकण्याच्या कागदावर सह्या करतात. त्या सह्या त्यांनी समजून केल्या का, हे विचारायला आत कोण जाणार? पुरुष वकील जाऊ शकत नाही, पुरुष पोलीसही नाही. स्त्रियांच्या वकिलीतला कायदेशीर अडसर १९२३पर्यंत दूर झालेला नव्हता, म्हणजे जी एकटी आत जाऊ शकते तिला न्यायालयात उभे राहता येत नाही, आणि ज्यांना उभे राहता येते त्यांना आत जाता येत नाही. कथानकाची सगळी ताकद या एका अडचणीत आहे. मुस्लिम वारसा आणि वक्फ (धर्मादाय दान) यांचे नियम, पारशांचा स्वतंत्र विवाहकायदा, इंग्रजांची न्यायालये हे सगळे एकाच शहरात एकाच वेळी लागू असल्याशिवाय हे कथानक संभवतच नाही. परवीनमागे कॉर्नेलिया सोराबजींची प्रेरणा आहे. १८६६मध्ये नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या आणि ऑक्सफर्डला कायद्याचा अभ्यास करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरलेल्या सोराबजींनी पुढे अनेक वर्षे पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेचे सल्लागार म्हणून काम केले. अशा घरांतल्या खऱ्या कारस्थानांची त्यांना जितकी माहिती होती तितकी तेव्हाच्या कोणत्याही पोलीस आयुक्ताला नसेल.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की थरारकथा करमणुकीसाठी असते, तिच्या पाठीवर समाजशास्त्राचे ओझे कशाला? पण मी नीतीची किंवा ज्ञानप्रसाराची मागणी करत नाही, चांगल्या कथानकाची करतो. स्थानिक माणसाला काही कळतच नाही असे एकदा ठरवले, की लेखकाला योगायोगांवर विसंबावे लागते: नायकाला अचानक चिठ्ठी सापडते, मरता मरता कोणीतरी नेमका पत्ता सांगतो, गर्दीत नेमका हवा तोच माणूस धडकतो. वाचकाला हे जाणवते, आणि मग पाठलाग कितीही लांबवला तरी उत्कंठा ओसरते. दुसरा आक्षेप असा, की घरचा लेखक ही चूक करणार नाही. करतो. हिंदी चित्रपटाने गोव्याचा ख्रिस्ती माणूस कित्येक दशके दारूच्या बाटलीशिवाय दाखवला नाही, आणि मुंबईवरच्या अलीकडच्या वेबमालिकांत डोंगरी-नागपाड्याच्या गल्ल्या बहुतेक वेळा बंदुका लपवण्यापुरत्याच येतात. तिथे शाळा, छापखाने, खानावळी आणि लग्नाचे हॉल आहेत हे पाहायला पाठलाग थांबवायची कोणाची तयारी नसते. घरात राहणारा माणूसही शेजारच्या मोहल्ल्यात पाहुणाच असतो, आणि बहुतेक वेळा कीटिंगच्या स्वीडिश तज्ज्ञाइतका नम्र नसतो.

मराठी वाचकाचा या साहित्याशी संबंध मात्र जुना आणि मोठा आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांतल्या अनेकींची बीजे परदेशी होती, पण झुंजार आणि काळा पहाड वाचकाला आपल्याच मुंबईत भेटत, आणि वाचनालयांत त्या पुस्तकांसाठी रांग लागे. नंतरच्या पिढीला रूपांतराची गरज वाटेनाशी झाली. तिला पॅरिस पॅरिसच हवे होते आणि अल्जिअर्स अल्जिअर्सच. गेल्या काही दशकांत इंग्रजी थरारकादंबऱ्यांच्या अनुवादांचा मराठीत जो पूर आला त्याची मला तक्रार नाही. त्या अनुवादांनी कित्येक घरांत वाचनाची सवय टिकवली आहे. तक्रार आहे ती निवडीची. या मार्गाने मराठीत जे जग येते ते प्रामुख्याने लंडन-न्यूयॉर्कच्या नायकाने पाहिलेले जग असते. काबूल, नैरोबी, कराची ही शहरे आपण त्याच्या मागे मागे फिरून पाहतो, आणि कधी कधी तर आपले स्वतःचे शहरही. स्थानिक माणसाच्या हाती माहिती असलेल्या कथा त्या त्या भाषांत लिहिल्या जात आहेत. अहमत उमित यांच्या तुर्की रहस्यकादंबऱ्यांत इस्तंबूलचा पोलीस अधिकारी शहराच्या इतिहासाच्या आधारे गुन्हा उलगडतो. झाँ-क्लोद इझो याच्या १९९५ ते १९९८च्या फ्रेंच कादंबरीत्रयीत मार्से शहराचे इटालियन, अल्जिरियन आणि आर्मेनियन मोहल्ले आहेत, आणि त्यांत वावरणारा पोलीस स्वतः स्थलांतरिताचा मुलगा आहे. जवळचेच पाहायचे तर उर्दूत इब्ने सफींच्या रहस्यकथांची मालिकाच्या मालिका आहे.

असे साहित्य मराठीत आले तर बहुधा इंग्रजी भाषांतरावरून येते, आणि त्या प्रवासात पहिला बळी जातो तो माणसांच्या परस्पर संबोधनांचा: कोण कोणाला आदराने बोलतो, कोण कोणाला मुद्दाम एकेरीवर आणतो, कोण कोणाची बोली बोलून स्वतःला लपवतो. मिश्र शहरातल्या थरारकथेत हेच तर दुवे असतात. इंग्रजीत ते पुसले जातात आणि मराठी अनुवादकाला ते अंदाजाने पुन्हा भरावे लागतात. वास्तविक मूळ भाषांतून अनुवाद करण्याची सोय आपल्याकडे नाही असे म्हणता येत नाही. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच, जर्मन, रशियन, स्पॅनिश, जपानी या भाषा वर्षानुवर्षे शिकवल्या जातात. उर्दू आणि मराठी दोन्ही उत्तम जाणणारी माणसे मालेगावात, औरंगाबादेत आणि भिवंडीत आहेत. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड, बेळगावात कन्नड, गोव्यात कोकणी घरोघर आहे. यांतल्या फार थोड्यांकडे प्रकाशक थरारकादंबरी घेऊन जातात, कारण हक्कांचा व्यवहार इंग्रजीतून सोपा पडतो आणि इंग्रजीचा अनुवादक लवकर मिळतो. ही अडचण खरी आहे आणि ती एका वर्षात सुटणार नाही. पण तोपर्यंत निदान पुस्तकाच्या आतल्या पानावर अनुवाद मूळ भाषेतून केला आहे की इंग्रजी भाषांतरावरून, हे स्पष्ट छापायला प्रकाशकाला खर्च येत नाही, आणि ते छापलेले असेल तर दुकानात दोन पुस्तके हातात घेऊन उभ्या असलेल्या वाचकाला आपली निवड करता येईल.